ग्रेड परीक्षेचा क्लास की रविवारचं स्केचिंग?

मुलाचा हात चांगला आहे, असं शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी सांगितलं की एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला ग्रेड परीक्षांचा क्लास लावायचा की एखाद्या चित्रकाराबरोबर बाहेर स्केचिंगला पाठवायचं, हा प्रश्न येतोच. आमच्या नाशिकमध्ये दोन्हींची सोय आहे आणि माझ्या मुलीने दोन्ही केलंय.

परीक्षेतली भूमिती आणि अक्षरलेखन क्लासमध्ये पक्कं होतं. अक्षराची जाडी शेवटपर्यंत सारखी ठेवायची तर कुणीतरी घोटून घ्यावं लागतं. वेळेत पेपर संपवायची सवयही लागते. शिवाय इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तर दहावीला जास्तीचे ७ गुण, बीला ५, सीला ३. ते कुणी का सोडावेत?

क्लासवरचं माझं मन उडालं ते स्मरणचित्रामुळे, म्हणजे दिलेल्या विषयावर आठवणीने काढायच्या चित्रामुळे. सगळ्या वर्गाला एकच चित्र पाठ करायला दिलेलं: डावीकडे डोक्यावर टोपली घेतलेली पाठमोरी बाई, मध्ये फुगेवाला, उजवीकडे झाड. ‘बसस्टॉप’ विषय आला तर झाडाच्या जागी पाटी, ‘जत्रा’ आली तर मागे पाळणा. बाई तीच, तिचा पदरही तसाच. मुलगी माझ्याबरोबर भाजीबाजारात येते, पण तिथलं एकही माणूस तिच्या कागदावर उतरेना. विचारलं तर म्हणाली, “बाबा, बाई अशीच काढायची असते.” हे मला फार लागलं.

गोदाघाटावर स्केचिंगला एक वही आणि बॉलपेन पुरतं. खोडरबर न्यायचं नाही. धुणं आपटणारी बाई दोन क्षणही एका जागी राहत नाही, त्यामुळे कंबर कुठे वाकलीय, भार कोणत्या पायावर आहे, एवढंच टिपायचं. हळूहळू मुलीच्या चित्रातली माणसं जमिनीवर टेकायला लागली. मग घरी बसून आठवणीने काढलेला बाजारही तिचा स्वतःचा दिसू लागला. बीएफए या कलेच्या पदवीच्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे सीईटीतही, स्मरणचित्राचा पेपर असतो. तिथेही हेच उपयोगी पडेल असं मला वाटतं.

अडचणी आहेत. पावसाळ्यात खंड पडतो, अभ्यासक्रम नसतो, मागे उभं राहून बघणाऱ्यांमुळे बुजरी मुलं आखडतात. अशा मुलाला किंवा शिस्तीशिवाय हातच न चालवणाऱ्याला क्लास कदाचित जास्त मानवेल.

पण आठवड्यातून एकदाच वेळ काढता येत असेल, तर मी तो घाटावर घालवीन. परीक्षेचा फॉर्म शाळेतून भरता येतो. भूमिती-अक्षरलेखनाचा सराव परीक्षेआधी शाळेतल्या सरांकडूनच करून घ्यावा. आपणहून विचारलं तर बहुतेक सर आनंदाने वेळ देतात.