टेलि-मानस १४४१६ : पेशंटला सांभाळणाऱ्यांनीही सेव्ह करून ठेवावा असा नंबर

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. आई आणि मी त्याला सांभाळतो. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा पेशंटइतकीच त्याच्या घरच्यांसाठीही आहे, हे आमच्या ओळखीत कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहितेय.

१० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली ही सेवा चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज पडली तर तज्ज्ञांकडे जोडून देतात.

मला सगळ्यात उपयोग झाला तो भासांच्या बाबतीत. भाऊ म्हणायचा, शेजारचे भिंतीपलीकडून शिव्या देतात. आई म्हणायची, "अरे, कुणी काही बोलत नाहीये," की हा आणखी चिडायचा. फोनवरच्या मॅडमनी सांगितलं, "ताई, वाद घालू नका आणि हो ला हो पण करू नका. 'मला ऐकू येत नाही, पण तुला त्रास होतोय हे दिसतंय,' एवढंच म्हणा." आवाज त्यानं थांबले नाहीत, पण घरातली भांडणं निम्म्यावर आली. गोळी कुटून वरणात घालावी का, हेही विचारलं. त्यांनी स्पष्ट नाही म्हटलं. एकदा का त्याला कळलं, तर जेवणावरचाच विश्वास उडेल. गोळीला नाही म्हणत असेल, तर महिन्याच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा, म्हणाल्या.

ते इंजेक्शन आता सिव्हिलमध्ये चालू आहे, आणि तिथल्या सिस्टरबद्दल लिहावंच लागेल. सुई देण्याआधी त्या भावाचा हात कोपरातून सावकाश वाकवून बघतात. अडकत अडकत वाकला, तर औषधानं स्नायू कडक होत असतील, म्हणून लगेच डॉक्टरांना सांगतात. मान वाकडी झाली किंवा जीभ जड पडली तर पुढच्या तारखेची वाट न बघता घेऊन या, हेही त्यांनीच आईला समजावलं. आणि हे सगळं भावाच्या समोर, त्याला सामील करून घेऊन.

फोनसेवेची मर्यादा उघड आहे: घरी कुणी येत नाही. आई आजारी पडली तेव्हा एका खाजगी ब्युरोकडून माणूस ठेवला. पैसे नर्सिंगचे घेतले, पण आलेल्या माणसानं मनोविकाराचा पेशंट आयुष्यात पाहिला नव्हता. भाऊ येरझाऱ्या घालायला लागला की हा खोलीला बाहेरून कडी लावायचा. दुसऱ्याच दिवशी त्याला जायला सांगितलं. ब्युरोला आधी विचारा: माणूस नर्सिंग शिकलेला आहे का, मनोविकार वॉर्डात काम केलंय का, आणि पेशंट चिडला तर काय करशील? शेवटच्या प्रश्नाला "धरून ठेवीन" असं उत्तर आलं, तर पाठवू नका म्हणावं.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात, कलम १८ मध्ये, पेशंटच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या आणि घरच्या घरी पुनर्वसनाच्या सेवा सरकारनं द्याव्यात असं लिहिलेलं आहे. आमच्या घरी अजून अशी कुणी सिस्टर आलेली नाही. महिन्यातून एकदा आली तरी आईसारख्या बायकांना केवढा धीर येईल! याचा आग्रह आपण घरच्यांनीच धरायला हवा.

टेलि-मानसला माझ्याकडून पाचपैकी चार. फोन करताना औषधांची नावं आणि डोस कागदावर लिहून समोर ठेवा. आणि जमेल तेव्हा पेशंटला सांगूनच लावा. दाराआड आपल्याबद्दल कुजबुज चाललीय, असं त्याला वाटायला नको.