आठ महिने एआयकडून भाषांतर: ‘आम्ही’ की ‘आपण’?

मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. तिसऱ्या वर्षाला भाषांतराचा पेपर असतो. जूनपासून एक एआय चॅटबॉट पैसे भरून रोज वापरतेय, वर्गात आणि घरच्या कामांनाही.

इंग्रजीतली अडलेली जागा सोडवायला तो फार उपयोगी. एका उताऱ्यात प्रस्ताव ‘टेबल’ केल्याचं वाक्य होतं. ब्रिटनमध्ये याचा अर्थ चर्चेला मांडणं, अमेरिकेत लांबणीवर टाकणं. लेखक कुठला ते सांगितल्यावर त्याने फरक नीट उलगडला.

पण एका कथेत आई मोठ्या मुलाला म्हणते, ‘वी विल हॅव टू सेल द हाउस.’ एआयने लिहिलं, ‘आम्हाला घर विकावं लागेल.’ व्याकरण बिनचूक, आणि त्या एका शब्दाने मुलगा परका झाला! मी म्हटलं, इथे ‘आपल्याला’ हवं. इंग्रजीत ‘वी’ एकच. मराठीत समोरच्याला धरून बोलायचं की वगळून, हे ठरवल्याशिवाय वाक्य सुरूच होत नाही. मुलांच्या निम्म्याहून जास्त वह्यांत एआयचं तेच ‘आम्हाला’ होतं.

दुसऱ्या कथेत निवेदक बाई. एआयने पहिल्या पानावर ‘मी गेले’ लिहिलं, चौथ्यावर ‘मी निघालो’. गूगलच्या मराठी भाषांतरात 2017 मध्ये न्यूरल पद्धत आली, म्हणजे तुकड्यातुकड्याने नव्हे तर अख्खं वाक्य एकदम धरून भाषांतर करणारी. त्याआधीचं यंत्राचं मराठी इतकं मोडकं असायचं की चूक लांबूनच दिसायची. आता वाक्यं गुळगुळीत असतात, चूक आत दडून बसते आणि मुलं मूळ इंग्रजीकडे परत जातच नाहीत. मला खरी काळजी याची वाटते.

म्हणून दिवाळीनंतर पद्धत बदलली. आधी मुलांनी कथा वाचून हाताने टिपण करायचं: कोण कुणाला अरे-तुरे करतं, कोण अहो-जाहो, निवेदक बाई की पुरुष, ‘अंकल’ म्हणजे काका की मामा. ते टिपण एआयला द्यायचं, मगच खर्डा मागायचा. खर्डे बरेच सुधारले. टिपणासाठी कथा दोनदा वाचावी लागते, आणि मला तेच हवं होतं. कविता मात्र देऊन पाहिल्या. अर्थ आला, लय गेली. ते सोडलं.

वर्गणी चालू ठेवणार आहे. परवा एक मुलगी त्या आईच्या वाक्यापाशी थांबली. म्हणाली, ‘मॅडम, मुलगा तर भांडून घर सोडून गेलाय ना? आई मुद्दामच ‘आम्हाला’ म्हणत असेल तर?’ अख्खा तास त्यावरच गेला.