बाकू सिटी टूर: फिरवतात झकास, मालकाचं विचारू नका

अझरबैजानच्या राजधानीत, बाकूत, एका लोकल कंपनीची दिवसभराची टूर घेतली. नाव नाही लिहीत, कारण गाईड पोरगी खरंच चांगली होती, उगाच तिच्या पोटावर पाय नको. गाडी स्वच्छ, पिकअप वेळेवर, जुन्या शहरात तर पायांचे तुकडे पडले तरी कंटाळा आला नाही.

आता खटकलं ते. विमानतळाला नाव हैदर अलियेव, झाहा हदीदने डिझाईन केलेलं ते पांढरं लाटेसारखं सेंटर, तेही हैदर अलियेव. हे हैदर केजीबीतून (सोव्हिएत गुप्तहेर खातं) वर आले, सोव्हिएत काळात अझरबैजानचे पार्टीप्रमुख, १९९३ ला राष्ट्राध्यक्ष, २००३ ला खुर्चीवर मुलगा इल्हाम, आणि २०१७ ला इल्हाम यांनी पहिल्या उपराष्ट्राध्यक्ष नेमलं कोणाला तर बायकोला, मेहरिबान यांना. इथपर्यंत गाईड घडाघडा सांगते.

मी 'नार'चं सिम घेतलं होतं (नार म्हणजे तिकडे डाळिंब), सहज विचारलं ही कंपनी कोणाची गं? तिने आरशातून ड्रायव्हरकडे बघितलं आणि म्हणाली, उजवीकडे कॅस्पियन समुद्र.

मग रात्री हॉटेलवर त्याच सिमच्या नेटवर वाचत बसलो. नारमागची कंपनी अझरफोन. २०११ मध्ये खदिजा इस्मायिलोवा या पत्रकार बाईने उघड केलं की अझरफोनचे ७२ टक्के शेअर पनामातल्या तीन कंपन्यांकडे, आणि त्यांच्या कागदांवर राष्ट्राध्यक्ष इल्हाम यांच्या मुली लेला आणि अर्झू. पुढच्या वर्षी चोवदारच्या सोन्याच्या खाणीचं असंच निघालं, तर संसदेने त्याच वर्षी कायदाच करून टाकला, कंपनीचे मालक कोण हे गुप्त. बाईंना २०१४ ला अटक, नंतर साडेसात वर्षांची शिक्षा, २०१६ ला सुटल्या. २०२१ च्या पँडोरा पेपर्समध्ये (परदेशातल्या छुप्या कंपन्यांची फुटलेली कागदपत्रं) तर या घराण्याने आणि जवळच्या लोकांनी ब्रिटनमध्ये केलेले साधारण ४० कोटी पौंडांचे प्रॉपर्टी व्यवहार, त्यातली लंडनची एक इमारत क्राउन इस्टेटने म्हणजे राणीच्याच मालमत्ता सांभाळणाऱ्यांनी विकत घेतलेली, सुमारे ६.७ कोटी पौंडांना!

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो कंपनीचा, माहितीपत्रकात 'आधुनिक बाकूची पूर्ण कहाणी' छापू नका ना मग. पोरीला टीप भरपूर द्या आणि माझ्यासारखा प्रश्न ड्रायव्हरसमोर तर अजिबात विचारू नका, संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी धड बोलली नाही.