बीएसडब्ल्यू करावं, की बीए करून मग एमएसडब्ल्यू? मराठवाड्यातल्या बारावी पास मुलामुलींसाठी

दोन्ही वाटांना वर्षं सारखीच लागतात, हे आधी लक्षात घ्या. बीएसडब्ल्यूची (समाजकार्याची पदवी) 3 आणि एमएसडब्ल्यूची (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) 2, किंवा बीएची 3 आणि एमएसडब्ल्यूची 2. एमएसडब्ल्यूला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो, त्यामुळे ‘आत्ता बीएसडब्ल्यू घेतलं नाही तर समाजकार्याचं दार बंद’ ही भीती काढून टाका. नव्या शैक्षणिक धोरणातली 4 वर्षांची ऑनर्स पदवी तुमच्या कॉलेजात आहे का, तेवढं विचारून ठेवा. खरा प्रश्न अठरा ते एकवीस या वयात तुम्ही काय शिकणार हा आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगते: फील्डवर्क मनापासून करून घेणारं कॉलेज आवाक्यात असेल तर बीएसडब्ल्यू घ्या. तसं नसेल तर चांगलं बीए कितीतरी बरं.

फील्डवर्क म्हणजे काय, हे प्रवेशाच्या वेळी कुणी नीट सांगत नाही. आठवड्यातले साधारण दोन दिवस वर्गाबाहेर जायचं: ग्रामपंचायत, अंगणवाडी, दवाखाना, बालगृह, एखादी संस्था. भेटीचा अहवाल लिहायचा आणि त्यावर मार्गदर्शक शिक्षकांसमोर बसायचं. शिवाय ग्रामीण शिबिर आणि अभ्यास सहल. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन हे पेपर बीएसडब्ल्यूत असतातच, पण ते कळतात ते या दोन दिवसांत.

एक घर धरून चालू. बीड जिल्ह्यातलं जोडपं, मुकादमाकडून (मजूर नेणारा ठेकेदार) उचल म्हणजे आगाऊ पैसे घेऊन दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला गेलेलं. नवरा तिकडेच वारला, बाई दोन लेकरं घेऊन गावी परतली. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी अहवालात लिहितो, ‘घरची परिस्थिती हलाखीची आहे, समुपदेशन केले.’ चांगले मार्गदर्शक इथे पेन ठेवतात आणि विचारतात: राशनकार्ड पिवळं की केशरी? संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज भरला का? भरला नसेल तर कशाला अडला? विद्यार्थी पुन्हा जातो. मग कळतं की मृत्यूचा दाखलाच नाही. मृत्यूची नोंद जिथे माणूस वारला तिथल्याच निबंधकाकडे होते, म्हणजे कारखान्याच्या हद्दीतल्या त्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या गावात. मुकादमाला आता फोन लागत नाही. निराधार योजनेला वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो, तो तहसीलमधून आणायचा. थोरली मुलगी चौदा वर्षांची, आणि चुलत्यांनी तिच्या लग्नाचं बोलणं सुरू केलंय. एका घरात निराधार योजना, मजुरांचं स्थलांतर, शाळागळती आणि बालविवाह असं सगळं एकात एक अडकलेलं असतं. कुठला धागा आधी सोडवायचा हे अठराव्या वर्षी जो शिकतो, त्याला पुढे कुठल्याही नोकरीत ते उपयोगी पडतं.

बीएला हे मिळत नाही. पण बीएला जे मिळतं तेही कमी नाही. समाजशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र घेऊन तीन वर्षं खरंच वाचलं, तर जात, शेती, दुष्काळ यांच्याकडे बघायची नजर तयार होते. बीएसडब्ल्यूच्या कितीतरी मुलांना योजनांची नावं तोंडपाठ असतात, पण गावात मजुरी कोण देतं आणि कोण घेतं याचा विचार त्यांनी केलेला नसतो, आणि याची मला फार खंत वाटते. स्पर्धा परीक्षेचं डोक्यात असेल तर आणखी एक गोष्ट: यूपीएससीच्या वैकल्पिक विषयांत समाजशास्त्र आहे, समाजकार्य नाही. (नेटला, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षेला, मात्र समाजकार्य हा स्वतंत्र विषय आहे.) बीएड करून शिक्षक व्हायचं असेल तरीही बीएच घ्या, कारण समाजकार्य हा शाळेत शिकवला जाणारा विषय नाही.

आणि घरची गोष्ट. सोयाबीन काढणीला, कापूस वेचणीला घरी हात लागतात, दुकानात बसावं लागतं, अशांना बीए सांभाळता येतं. बीएसडब्ल्यू असं होत नाही. फील्डवर्क चुकवून अहवाल घरी बसून रचणारे असतात, त्यांची पदवी पूर्ण होते, पण मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडे पडतात.

नोकरीचं स्पष्ट बोलू. नुसत्या बीएसडब्ल्यूवर जिल्हा बाल संरक्षण कक्षातलं सामाजिक कार्यकर्त्याचं पद, स्वयंसेवी संस्थांचे प्रकल्प, अशी कामं मिळतात. बहुतेक कंत्राटी, पगार बेताचा. सरकारी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकाच्या पदाला एमएसडब्ल्यू लागतं. मोठ्या कारखान्यात कायद्यानुसार कल्याण अधिकारी नेमावा लागतो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्रा औद्योगिक वसाहतींत अशा जागेचा विचार असेल तरी पुढे शिकावं लागेल. म्हणून बीएसडब्ल्यूवर थांबायचं असं ठरवून ते घेऊ नका. वकिलांना जशी बार कौन्सिल, तशी समाजकार्याला सनद देणारी परिषद आपल्याकडे नाही. त्यामुळे तुम्ही काय केलंय ते तुमच्या कामातूनच दिसतं.

कॉलेजांचं म्हणाल तर छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव हे जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे आणि नांदेड, परभणी, हिंगोली, लातूर स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाकडे. तुळजापूरचं टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं संकुल 1986 पासून आहे. तिथे शिकवणं इंग्रजीत, मुलं देशभरातून. पदवीचे कोणते अभ्यासक्रम यंदा चालू आहेत आणि प्रवेश कोणत्या परीक्षेतून, हे त्याच वर्षीच्या माहितीपत्रकात बघा. फी आणि शिष्यवृत्तीचा हिशेब आधी लेखी घ्या: फीमाफीच्या प्रश्नावर फेब्रुवारी 2018 मध्ये टाटा संस्थेच्या चारही संकुलांतले विद्यार्थी संपावर गेले होते. मराठी माध्यमातून आलेल्या हुशार मुलामुलींनी इंग्रजीला घाबरून तुळजापूर सोडू नये असं मला मनापासून वाटतं. पहिलं वर्ष जड जातं, पण बहुतेक जण पुढे तरून जातात.

मुलींच्या घरून एक शंका हमखास येते: एकटी गावोगाव कशी फिरणार? मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्चाचा भार हलका झालाय. सुरक्षिततेचं मात्र कॉलेजलाच विचारायचं: मुलींना जोडीने पाठवता का, पहिल्या भेटींना शिक्षक बरोबर येतात का, शेवटची गाडी चुकली तर कुणाला फोन करायचा?

प्रवेशाआधी कॉलेजात एक चक्कर माराच, फील्डवर्कच्या दिवशी. वर्ग रिकामे आणि मुलं गावात असतील तर ठीक. मुलं कॅन्टीनला असतील तर समजून जा. गेल्या वर्षीच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना गाठून त्यांची फाइल बघायला मागा. अहवालाच्या समासात शिक्षकांनी प्रश्न लिहिलेत, की प्रत्येक पानावर नुसती सही आहे? नुसत्या सह्याच दिसल्या तर यंदा बीएला नाव घाला, एमएसडब्ल्यूचं तीन वर्षांनी बघता येतं.