सस्पेन्स शॉर्ट फिल्मसाठी उजेड कुठला: घरचे बल्ब, मंडपवाल्याचे फोकस की विकतचा एलईडी?

"दादा, एक लाइट घ्यायचाय, कुठला घेऊ सांग की." गणपती-दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की असे मेसेज सुरू होतात. मी आधी विचारतो गोष्ट काय आहे, तर उत्तर जवळपास ठरलेलं, जुनं घर, रात्र, बाहेर पाऊस आणि आत कोणतरी आहे. आमच्याकडं हीच गोष्ट सुचणार म्हणा, बेळगावच्या शहापूर-वडगावात नाहीतर खानापूरकडच्या खेड्यात अजून सोपा (ओसरी), माजघर, न्हाणी, परडं असलेली कौलारू घरं सापडतात, सेट आयताच मिळतो. अडतं ते उजेडात.

बेळगाव, निपाणी, चिकोडीकडं बसून खरोखर हाताला लागतात ते पर्याय तीनच: घरातलेच बल्ब, मंडपवाल्याकडनं भाड्यानं आणलेले फोकस, आणि ऑनलाइन मागवलेला व्हिडिओचा एलईडी. तिन्ही मी वापरलेत आणि तिन्हीत एकेकदा फसलोय, म्हणून शेजारी शेजारी ठेवून सांगतो.

पण आधी एक, नाहीतर लाइट कुठलाही आणा उपयोग नाही. आमची पहिली फिल्म आम्ही "अंधार पाहिजे ना" म्हणून सगळे दिवे बंद करून एका टॉर्चवर शूट केली. गल्लीत पांढरा पडदा बांधून दाखवली तर पाचव्या मिनिटाला मागनं आवाज, "प्रोजेक्टर बिघडलाय काय बघ रे." काळ्याच्या जागी करडं दिसत होतं आणि त्यात मुंग्या चालल्यासारखे ठिपके. झालं असं की फोनला उजेड कमी पडला की तो आपलं आपण आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) वाढवतो, आणि आयएसओ वाढला की अंधार करडा होतो आणि ठिपके येतात. फोनचा सेन्सर नखाएवढा, त्याला अंधार दाखवायचा असेल तर चेहऱ्याच्या एका बाजूवर नीट, भरपूर उजेड लागतो आणि बाकी सगळीकडनं तो काढून घ्यावा लागतो. एक्स्पोजर (किती उजेड टिपायचा ते) त्या उजळ बाजूवर लॉक करायचं, मग उरलेली खोली आपोआप काळी पडते. उजळ बाजू आणि सावलीची बाजू यात तीन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे दुप्पट), म्हणजे आठपट, हे सस्पेन्सला चांगलं चालतं. वरनं आणखी काळं करायचं असेल ते एडिटला करा, दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरचं फुकट व्हर्जन त्याला पुरतं.

आता तुलनेसाठी एकच सीन धरूया. माजघरात आज्जी तांदूळ निवडत बसलीय, मागं न्हाणीचं दार अर्धं उघडं, आणि त्या दारात काहीतरी हलतं.

घरच्या बल्बवर हा सीन असा होतो: आज्जीच्या बाजूला फ्रेमच्या जरा बाहेर एक पिवळा बल्ब खाली लोंबकळत सोडायचा, न्हाणीत आत न दिसणारा झिरोचा बल्ब, बास. झिरो म्हणतात पण तो बहुतेक पंधराएक वॅटचा असतो, निळा किंवा लाल घेतला तर दारामागं वेगळाच रंग येतो आणि खर्च चहा-भज्याएवढा. बल्ब चेहऱ्यापासनं एक मीटरवर आणि भिंत बल्बापासनं तीन मीटरवर असली तर भिंतीवर चेहऱ्याच्या नवव्या हिश्श्याएवढाच उजेड पोचतो, म्हणून माणसाला भिंतीपासनं ओढून खोलीच्या मध्ये बसवणं हा फुकटातला सगळ्यात मोठा इफेक्ट आहे. अडचण अशी की आमच्या खोल्या दहा बाय दहाच्या आणि भिंती चुन्याच्या नाहीतर त्या फिक्या हिरव्या ऑइलपेंटच्या, उजेड सगळीकडनं परत उडतो आणि सावली धुवून जाते. इथं काळी घोंगडी कामाला येते. सिनेमावाले काळं कापड लावतात तेच काम घोंगडी करते, किंबहुना जास्त चांगलं करते कारण लोकरीवर चमक येत नाही. आज्जीच्या सावलीच्या बाजूला फ्रेमच्या बाहेर दोन घोंगड्या दोरीवर वाळत घातल्यासारख्या टाका आणि फरक बघा. मी तर म्हणतो बजेट पाचशे रुपये असलं तर लाइट घेऊ नका, घोंगड्या गोळा करा.

या पद्धतीत कमी पडतं ते रेंजमध्ये. बल्बच्या उजेडात लांबचा शॉट निघत नाही, आणि फोन स्वस्तातला असला तर नऊ वॅटचा बल्ब दोन मीटरवरच दम तोडतो. रंगाचाही घोळ होतो, पिवळा बल्ब साधारण २७०० ते ३००० केल्व्हिनचा (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तेवढा पिवळा) आणि पांढरा ६५०० चा, एका खोलीत दोन्ही लावले की आज्जीचा एक गाल पिवळा आणि दुसरा निळा. मुद्दाम करा, बेस्ट दिसतं. चुकून झालं तर लग्नाच्या व्हिडिओसारखं दिसतं.

मंडपवाल्याचा फोकस घेतला तर तोच सीन वेगळा लागतो. हजार वॅटचा हॅलोजन आज्जीवर थेट मारला तर ती आज्जी न राहता आरोपी दिसते, त्यामुळं तो घराबाहेर परड्यात उंच लावायचा आणि न्हाणीच्या झरोक्यातनं किंवा खिडकीच्या गजातनं आत सोडायचा. गजांच्या सावल्या जमिनीवर पडतात, आत ऊद घातला की त्यातनं उजेडाचा पट्टा दिसतो, आणि हा लुक घरच्या बल्बला सात जन्मात जमणार नाही. हॅलोजनच्या उजेडात कातडीचा रंग पण छान येतो, तारेचा उजेड असल्यामुळं सगळे रंग त्यात असतात. एवढा उजेड एवढ्या स्वस्तात दुसरीकडं मिळत नाही हे खरंच आहे.

आता दुसरी बाजू. हजार वॅट म्हणजे २३० व्होल्टवर साडेचार अँपियरच्या आसपास, आणि घरातला साधा सॉकेट असतो ६ अँपियरचा. एक चालतो. दुसरा त्याच बोर्डात घुसवला की काय होतं ते आम्ही बघितलंय, बोर्ड काळा पडला आणि आख्ख्या घराचा करंट गेला, घरमालकीण मावशींनी त्यानंतर तीन महिने आम्हाला दारात उभं केलं नाही. फोकस १६ अँपियरच्या सॉकेटवर, जिथं गिझर लावतात तिथं, एका सॉकेटला एकच. तापतो तर इतका की जवळ बटरपेपर, थर्माकोल, कापड काहीच नेऊ नका, उजेड मऊ करायचाच असेल तर पांढरं धोतर चांगलं हातभर-दोन हात लांब, आणि एक पोरगं फक्त त्याच्यावर नजर ठेवायला. त्याला दुसरं काम सांगायचं नाही.

आणखी एक, बऱ्याच मंडपवाल्यांकडं आता हॅलोजन राहिलेच नाहीत, ते एलईडी फ्लड (पसरट उजेडाचे चौकोनी दिवे) देतात नाहीतर स्टेजचे रंगीत पार लाइट. फ्लडचा उजेड गार पांढरा, बऱ्याचदा त्यात चेहरा आजारी हिरवट दिसतो, चंद्रप्रकाश म्हणून मागनं लावायला ठीक, चेहऱ्यावर नको. पार लाइटचं तर वेगळंच, डोळ्याला मस्त दिसतो पण मंद केला की कॅमेऱ्यात पट्टे पळायला लागतात. म्हणून भाडं ठरवायच्या आधी दुकानातच फोन काढून दहा सेकंद शूट करून बघा, मंडपवाला हसला तर हसू दे.

पट्ट्यांचं निघालंच आहे तर हे सगळ्या दिव्यांना लागू आहे. आपल्याकडं करंट ५० हर्ट्झचा, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. फोन नुसता चालू केला तर सेकंदाला ३० फ्रेमवर शूट करतो आणि शटर (एका फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ) १/६० सेकंद असलं की स्वस्त एलईडीखाली पट्टे येतात. २५ फ्रेम, शटर १/५० ठेवा, निम्मी कटकट तिथंच संपते. साध्या कॅमेरा ॲपमध्ये हे बदलता येत नसेल तर ओपन कॅमेरा किंवा ब्लॅकमॅजिक कॅमेरा टाका, दोन्ही फुकट, तुमचा फोन काय काय देतो ते तेवढं तपासा. तारेच्या बल्बला हा त्रास कमी, कारण तार तेवढ्या वेळात गार होत नाही, आणि तो पंख्याच्या रेग्युलेटरवर मंद पण करता येतो. एलईडी बल्ब रेग्युलेटरवर लावायला जाऊ नका, लुकलुकतो. (भुताच्या सीनला आम्ही मुद्दाम लावलाय, ते सोडा.)

तिसरा पर्याय विकतचा. साठ वॅटचा सीओबी (एकाच मोठ्या ठिपक्यातनं उजेड देणारा) एलईडी, गोडॉक्स एसएल-६० सारखा, स्टँड आणि सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) धरून दहा हजारांच्या पुढं कुठंतरी जातो. आज्जीचा सीन यावर सगळ्यात लवकर लागतो. सॉफ्टबॉक्स बाजूनं जरा मागं, चेहऱ्याची लांबची बाजू उजळते, कॅमेऱ्याकडची काळोखात राहते, मऊ आणि महागडं दिसतं. मंद करता येतो, पट्टे नाहीत, हॅलोजनसारखा तापत नाही, ६० वॅट म्हणजे चार्जिंगच्या बोर्डावर पण चालेल. रंग खरे येतात, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९५ च्या पुढं असं लिहिलेलंच घ्या.

तरी मी सगळ्यांना घ्या म्हणत नाही, कारण पहिल्याच फिल्मला हा आणला की पोरं प्रत्येक सीन त्याच एका जागेवरनं लावतात आणि वीस मिनिटं फिल्म एखाद्या इंटरव्ह्यूसारखी दिसते. शिवाय तो ५६०० केल्व्हिनचा पांढरा, घरच्या पिवळ्या बल्बशी जुळवायचा तर वर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावा, त्यात उजेड कमी होतो. आत पंखा असतो, शांत खोलीत तो माइकला ऐकू येतो, आणि सस्पेन्समध्ये शांततेलाच तर किंमत. खिडकीतनं पट्टा पाडायला साठ वॅट अपुरा पडतो, फार तर छोट्या खोलीत, तेही सॉफ्टबॉक्स काढून.

बाहेरच्या सीनचं गणित पूर्ण उलटं आहे. जांबोटी-कणकुंबीकडं जुलैत शूट करायची हौस सगळ्यांना, आणि पाऊस दिसतो भारी पण कॅमेऱ्यात दिसायचा तर उजेड पावसाच्या मागनं यायला लागतो, समोरनं मारला तर पाऊस गायब. तिथं हॅलोजन नेऊ नका, तापलेल्या काचेवर थेंब पडला की ती तडकते आणि ओल्या मातीत वायर म्हणजे जिवाशी खेळ. आयपी ६५ (पाण्यापासनं बचाव असलेला) लिहिलेला एलईडी फ्लड भाड्यानं घ्या, झाडामागं बांधा, जोड सगळे उंच आणि कोरडे. नाहीतर सरळ संध्याकाळी सूर्य बुडाल्यावरची वीस-बावीस मिनिटं पकडा, निळा उजेड फुकट मिळतो, दोन दिवस तोच वेळ धरला तर सीन निघतो. भर दुपारी रात्र काढायची युक्तीही आहे, सूर्य पात्राच्या मागं ठेवायचा, आभाळ फ्रेममध्ये घ्यायचं नाही, दोन स्टॉप काळं करायचं आणि व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंगाची सेटिंग) ३२०० केल्व्हिनवर, म्हणजे चित्र निळसर होतं. पाहणाऱ्याला फसवता येतं पण फार तर दोन-तीन शॉट.

इन्व्हर्टर सगळ्यात शेवटचा उपाय ठेवा. जुना स्क्वेअर वेव्हवाला असला तर पंखा गुणगुणतो तो आवाज रेकॉर्ड होतो. जनरेटर आणला तर डायलॉग विसरा.

आवाजाचं सांगायला पाहिजेच कारण लाइटवर दहा हजार घालून आवाज फोनच्या माइकवर घेणारे लोक मी बघितलेत. दोन-तीनशेचा वायरचा कॉलर माइक, दुसऱ्या फोनला लावून पात्राच्या खिशात, सुरुवातीला एक टाळी, एडिटला जुळवायचं. झालं. ऊसाच्या हंगामात मात्र निपाणी-चिकोडी रस्त्याच्या कडेला रात्री शूट ठेवू नका, डेक लावलेले ट्रॅक्टर पहाटेपर्यंत जातात, आमच्या खुनाच्या सीनमागं एका ट्रॅक्टरवरचं कन्नड डीजे गाणं अजून आहे.

मग घ्यायचं काय? पहिली फिल्म, घरातली, तीन-चार जण: घरचे बल्ब, घोंगड्या आणि कॉलर माइक, दुसरं काही नाही. गोष्टीत खिडकी, झरोका, परडं, पाऊस महत्त्वाचं असेल तर एका रात्रीपुरता फोकस किंवा फ्लड भाड्यानं, आणि ते सगळे शॉट त्याच रात्रीत काढा, भाडं वाचतं. रात्री बाहेर उजेड करणार असाल तर आधी गल्लीतल्या पंचांना सांगून ठेवा, नाहीतर बाराला कोणतरी "ओ, काय चाललंय" करत येतो आणि टेक जातो. विकतचा एलईडी दोन फिल्म झाल्यावर, तेसुद्धा अधूनमधून वाढदिवस-डोहाळजेवणाचे व्हिडिओ करून पैसे सुटणार असतील तर, मग तो वर्षात स्वतःची किंमत काढतो. माझा अजून अर्ध्यावरच आलाय.

आणि घोंगड्या ज्यांच्या आणाल त्यांना उन्हात चांगल्या झाडून परत द्या. ऊदाचा वास लवकर जात नाही आणि पुढच्या वेळी मामी देत नाहीत.