नाशिकमध्ये 'आपल्या लोकांना चालणारं घर' देणाऱ्या एजंटपासून सावध

गंगापूर रोडला टू बीएचके, भाडं १४,०००, 'मालकीणबाई मोकळ्या विचारांच्या आहेत, दोघं मुलगे एकत्र राहिलात तरी चालेल' असं म्हणत कुणी फोटो पाठवत असेल, तर एक रुपया देऊ नका. माझे आणि माझ्या जोडीदाराचे ६६,५०० गेले. टोकन ५,०००, डिपॉझिट ४२,०००, सोसायटीच्या एनओसीचे ४,५००. उरलेले १५,००० कशाचे, ते पुढे सांगतो.

घर न बघता पैसे दिलेच कसे, असं विचारणाऱ्यांनी आधी आमच्यासारखं घर शोधून बघावं. इंदिरानगर, गोविंदनगर, कॉलेज रोड, सगळीकडे पहिला प्रश्न 'फॅमिली आहे का?' एका मालकाने तर बेड किती लागतील, असं विचारलं आणि उत्तर ऐकून किल्ली खिशात टाकली. समलैंगिक संबंध गुन्हा नाही, हा कलम ३७७ चा निकाल २०१८ चा, पण गे जोडप्याला घर नाकारू नका असं सांगणारा कायदा आजही नाही. अशात कुणीतरी स्वतःहून 'दादा, तुम्ही कपल आहात ना? टेन्शन घेऊ नका' म्हणतो. महिनोन्महिने ऐकलेलं ते पहिलं चांगलं वाक्य होतं. त्याने नेमकं तेच हेरलं.

लाइट बिल मागितलं तेव्हाच खरं तर सगळं समोर होतं. बिलाचा फोटो आला, त्यात ग्राहकाच्या नावावर अंगठा. मी विचारलं, तर म्हणे, 'मॅडमना प्रायव्हसी लागते, तशी तुम्हालाही लागतेच ना?' मी गप्प बसलो. रोज स्वतःचं नाव, नातं लपवणारा माणूस दुसऱ्याला कुठल्या तोंडाने विचारणार होता? तो अंगठा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

ॲग्रीमेंटला त्याने दोघांची आधार कार्डं आणि एकत्र फोटो घेतला. एकत्र फोटो कुणालाही देऊ नका. भाडेकरारासाठी तो लागत नाही. डिपॉझिट परत मागितलं, तर तोच फोटो माझ्या जोडीदाराच्या गावातल्या पत्त्यासह परत आला. 'घरी पाठवू का?' ते १५,००० याचे.

आता पोलीस. पहिल्या ठाण्यात म्हणाले, फ्लॅट तिकडच्या हद्दीत, तिकडे जा. तिकडे म्हणाले, पैसे सिडकोतून पाठवलेत, इकडे का आलात? हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यायचा असतो, बीएनएसएस, म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या कलम १७३ मध्ये तसं स्पष्ट आहे. हे सांगितलं तर साहेब म्हणाले, 'वकील आहेस का?' मग हवालदाराने सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, 'हा तुझा नक्की कोण?' खंडणीची तक्रार द्यायला आलेल्या माणसाला हा प्रश्न! बँकेने आधी एफआयआर आणा म्हटलं, पोलिसांनी आधी बँकेचं पत्र आणा म्हटलं. दोघांच्याही जेवणाच्या सुट्टीची वेळ मात्र पक्की.

पैसे गेल्यागेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, ठाण्याच्या चकरा नंतर. आम्ही लाजेपायी उशीर केला आणि तोवर खातं रिकामं झालं होतं. करार नोंदणीकृतच करा, महाराष्ट्रात तो बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. मालकाचा इंडेक्स टू, म्हणजे घर कुणाच्या नावावर आहे ते दाखवणारा नोंदणीचा उतारा, बघा. धमकी आली तर पैसे देऊ नका, चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा.

आमच्याकडे अर्जाची पोच आहे, एफआयआर नाही. अंगठ्याखाली नाव झाकलेलं तसलं बिल तुम्हालाही आलं असेल, तर तक्रार द्या. एकट्याचा अर्ज ते ड्रॉवरमध्ये टाकतात, चार-पाच जणांचे टाकणं त्यांना जड जाईल.