टी-९० ‘भीष्म’ आणि सोलापूरची काळी माती : रिमोटवरच्या रणगाड्याचा दिवाळी ते श्रावण अनुभव

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकतो. १:१६ मापाचा रिमोटवरचा टी-९० घ्यावा का? हाताने काम करायची हौस असेल तर जरूर घ्यावा. डब्यातून काढून तसाच फिरवायचा असेल तर एवढे पैसे घालू नयेत, भाच्याला रिमोटची जीप आणून द्यावी. हा रणगाडा चांगला होतो तो त्यातल्या गमतीजमती काढून टाकल्यावर. हे कळायला मला काही महिने गेले, तुम्हाला पाच मिनिटांत वाचून होईल.

कंपनीचं नाव लिहीत नाही. चिनी आहे, आणि या किमतीतले सगळे थोड्याफार फरकाने सारखेच असतात. किंमत मात्र टोचते. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर, आणि १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसच्या, म्हणजे सरकारी दर्जाच्या शिक्क्याची सक्ती आहे. त्यामुळे आपल्याकडे माल थोडा येतो, सुटे भाग त्याहून थोडे. म्हणून पहिला सल्ला असा की एखादा भाग तुटला तर तो मागवण्याआधी गावातला लेथवाला गाठा. सोलापूरकरांना या बाबतीत नशिबाने झुकतं माप दिलंय, ते पुढे येईलच.

टी-९० च का, जर्मन टायगर का नाही? टायगर सगळ्यांकडे असतो. टी-९० आपल्या सैन्यात आहे. २००१ मध्ये रशियाशी ३१० रणगाड्यांचा करार झाला, आणि पुढे चेन्नईजवळच्या आवडीला हेवी व्हेइकल्स फॅक्टरीत ते ‘भीष्म’ नावाने बांधले जाऊ लागले. डब्यात येतो तो मात्र रशियन अवतार. त्याचा भीष्म करणं हाच माझा सगळा उद्योग होता.

सुरुवात रंगापासून करायचा मोह होतो. तो आवरून आधी चाल सुधारा. खरा टी-९० तोफेसकट साधारण साडेनऊ मीटर लांब, म्हणजे मॉडेल साठ सेंटिमीटरच्या आसपास, आणि तेवढं ते भरतंही. वजनाचं गणित वेगळं आहे. लांबी सोळापट कमी झाली की वजन सोळा गुणिले सोळा गुणिले सोळा, म्हणजे ४०९६ पट कमी व्हायला हवं. साडेसेहेचाळीस टनांचे अकरा किलोंवर होतात. प्लॅस्टिकचं मॉडेल त्याच्या निम्म्यानेही भरत नाही. म्हणून ते दगडावरून जाताना टुणकन उडतं, आणि बघणाऱ्याच्या मनातला रणगाडा तिथेच संपतो. टायरच्या दुकानात व्हील बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं मिळतात. ती तळाला, बॅटरीच्या दोन्ही अंगांना, सारखी वाटून लावली. पूर्ण अकरा किलो करायला जाऊ नका, गिअरबॉक्स रडतो. सहाच्या आसपास थांबलो. आता स्प्रिंगा दबतात, ब्रेक मारला की नाक खाली जातं, आणि चाकं एकामागून एक दगडावर चढतात.

वेगाचंही तसंच. खरा रणगाडा रस्त्यावर ताशी साठ किलोमीटर धावतो. सोळाने भागा, पावणेचार येतात. म्हणजे जेवण झाल्यावर शतपावली घालणाऱ्या माणसाची चाल. डब्यातला याहून बराच जोरात पळतो, आणि हेच पोरांना आवडतं. स्लो रेशोचा, म्हणजे चाल मंदावणारा, स्टीलचा गिअरबॉक्स बसवला तो माझा सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च. प्लॅस्टिकचे दाते वाढवलेल्या वजनाला टिकलेच नसते.

धातूच्या ट्रॅकबद्दल, म्हणजे चाकांवरून फिरणाऱ्या साखळी-पट्ट्याबद्दल, मत जरा बेतानेच देतो. दिसायला अप्रतिम, आवाज खणखणीत, आणि वजनही तळाकडे वाढतं, जे हवंच आहे. पण धातूचे ट्रॅक घेतले की ते फिरवणारी दातेरी चाकं, म्हणजे स्प्रॉकेटही धातूचेच घ्यावे लागतात, नाहीतर प्लॅस्टिकचे दाते ट्रॅक खाऊन टाकतो. काँक्रीटच्या गल्लीत चालवलं की पिना झिजतात, ट्रॅक सैल पडतो, एक कडी कमी करावी लागते. मी आता गल्लीत चालवतच नाही. त्याला दुसरंही कारण आहे. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. घरोघरी यंत्रमाग, त्यामुळे गल्लीत सुताचे तुकडे कायम पडलेले. मागच्या स्प्रॉकेटच्या दांड्यावर हे सूत असं गुंडाळलं जातं की बाबीन भरावी. वरून काही दिसत नाही, मोटर मात्र तापत जाते. दर वेळी चिमट्याने दांडा बघायचा, हा नियमच करून टाकलाय.

मग चालवायचा कुठे? सकाळी लवकर होम मैदान चांगलं, पण गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत आणि त्यानंतर काही आठवडे तिथे खिळे-तारांचे तुकडे असतात, ते दिवस सोडा. ज्वारी काढल्यावरचं रान बघण्यासारखं. धसकटं आडवी करत रणगाडा जातो तेव्हा जमिनीलगत मोबाईल धरून व्हिडिओ काढा, अंगावर काटा येतो. सगळ्यात उत्तम म्हणजे हिप्परग्याच्या बाजूचा मुरूम. पकड मिळते आणि चिकटत नाही. ओल्या काळ्या मातीत मात्र अजिबात नको. आपली माती बैलगाडीच्या चाकाला सोडत नाही, ती या इवल्या दात्यांना काय सोडणार! चिखल स्प्रॉकेटच्या खाचांत बसतो, ट्रॅक दात्याच्या माथ्यावर चढतो आणि उतरतो. मृगाच्या पहिल्या पावसानंतर मी रणगाडा कडेवर घेऊन बांधावरून परतलो, शेजारच्या रानातले आजोबा म्हणाले, “बैलानं जायचं तिथं रणगाडा कशाला घालता ओ?”

आता सजावटीकडे. भीष्म करायला पहिलं काम म्हणजे डोळे काढणं. रशियन टी-९० च्या तोफेच्या दोन्ही बाजूंना जे लाल दिवे दिसतात ते ‘श्टोरा’ या यंत्रणेचे. शत्रूच्या क्षेपणास्त्राचं मार्गदर्शन गोंधळात टाकायला ते असतात. भारतीय टी-९० मध्ये श्टोरा नाही. मॉडेलमध्ये मात्र या डोळ्यांत एलईडी आहे, आणि ज्याला दाखवाल तो आधी त्याचंच कौतुक करतो. मन घट्ट करून काढा. त्या जागी स्फोटक चिलखताचे (आदळणारा मारा स्वतः फुटून बोथट करणारे) ठोकळे लागतात, ते दोन मिलिमीटरच्या प्लॅस्टिक शीटमधून कापले, कडा पॉलिश पेपरने जरा मोडल्या. एवढ्या एका बदलाने रणगाड्याचा चेहराच बदलतो.

जोडाच्या कडांवर वेल्डिंगचे ओघळ हवेत. त्याला एम-सील. सेवईसारखी बारीक वळी करून कडेला बसवायची, ओली असतानाच सुरीच्या पाठीने आडवे व्रण द्यायचे. वेल्डिंग आणि ओतकाम यांत नजरेला काय फरक वाटतो हे बघायला मी अहिल्यानगरला गेलो, म्हणजे आपलं नगर. तिथलं कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ चं. शेर्मन, व्हॅलेंटाइन, चर्चिल, आपला विजयंता, सगळे हाताच्या अंतरावर. माटिल्डाचं ओतीव टरेट, म्हणजे वरचा फिरणारा तोफेचा घुमट, जवळून बघा. पृष्ठभाग गुळगुळीत नाही, संत्र्याच्या सालीसारखा आहे. आपल्या मॉडेलवर मात्र सगळं साच्यातलं गुळगुळीत प्लॅस्टिक. पातळ केलेली पुट्टी जुन्या ब्रशने थोपटून तोफेच्या बुडाशी तसा खरबरीतपणा आणला. हौशी माणसाने नगरची ही फेरी चुकवू नये.

बाजूचे स्कर्ट, म्हणजे ट्रॅकवर लोंबणारे पडदे, खऱ्या रणगाड्यावर रबरी असतात, वाकतात, फाटतात. मॉडेलचे ताठ प्लॅस्टिकचे. पंक्चरवाल्याकडून मोटरसायकलची जुनी ट्यूब आणून तिचे कापले. माती अडकली की आता स्कर्ट हलतो, आत घुसमटत नाही. डब्यातली ओढदोराची नायलॉन दोरी टाकून सायकलच्या ब्रेकची तार लावली. तार दीड मिलिमीटर, सोळाने गुणलं तर चोवीस, जाडी पटते. मागे जो ओंडका बांधतात, रुतलेला रणगाडा काढायला ट्रॅकखाली घालायचा, तो मॉडेलमध्ये प्लॅस्टिकचा होता आणि त्यावर लाकडाच्या रेषा कोरलेल्या! बांधावरच्या बाभळीची वाळकी फांदी सालीसकट कापून बसवली. फुकट, आणि सगळ्यांत जास्त विचारणा याच ओंडक्याची होते.

तोफेची गोष्ट जरा लांबवतो. मूळ नळी प्लॅस्टिकचे दोन अर्ध चिकटवून केलेली, वर शिवण दिसते. एप्रिलमध्ये गच्चीवर उन्हात राहिली आणि टोकाला किंचित झुकली. तोंडही बारीक, कारण त्यातून सहा मिलिमीटरच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या उडतात. खरी तोफ १२५ मिलिमीटरची, सोळाने भागलं तर ७.८. अक्कलकोट रोड एमआयडीसीत मागाचे सुटे भाग करणारे एक टर्नर मामा आहेत. ॲल्युमिनियमचा गज आणि चित्र घेऊन गेलो.

“कशाची नळी ही?”

“रणगाड्याची तोफ आहे मामा.”

“खऱ्या? काय बे सकाळी सकाळी.”

“खेळण्यातल्या हो. मागे आटे पाडून द्या.”

“आटे कशाला? हादऱ्यानं सैल होतेत. घट्ट बसणारी देतो, ठोकून बसव.”

तसंच झालं, आजतागायत हललेली नाही. मधला धूर खेचणारा फुगवटाही त्यांनी एकाच गजात काढला. मजुरी विचारली तर म्हणाले, चालवून दाखव आधी. दाखवला. मागांचा खडखडाट चालू असताना कारखान्याच्या फरशीवर रणगाडा फिरला, दोन कामगार काम सोडून आले, मामांनी त्यांना हाकललं आणि रिमोट स्वतःच्या हातात घेतला.

गोळ्या उडवायची यंत्रणा मी पूर्ण काढून टाकली. घरात लहान मुलं आहेत, आणि डोळ्याची किंमत कशानेही भरून येत नाही. त्या रिकाम्या जागेत छोटा सर्व्हो (रिमोटवर ठरावीक तेवढीच फिरणारी मोटर) बसवून तोफ मागे सरकण्याचा झटका आणता येतो, तो जास्त खरा वाटतो. धुराचं यंत्रही तोडलं. तेल तापवून धूर काढतं, बॅटरी पितं, घरभर वास सोडतं, आणि धूर उदबत्तीएवढाच.

रंगाला आपली हवा दोन बाजूंनी नडते. उन्हाळ्यात दुपारी एअरब्रश धरला तर रंग वाटेतच सुकतो आणि पृष्ठभागावर रवा बसल्यासारखा होतो. सकाळी सातच्या आत उरकायचं, रंगात रिटार्डरचे, म्हणजे सुकणं लांबवणाऱ्या द्रवाचे, दोन थेंब टाकायचे. दुसरं म्हणजे पूर्व भागातली हवेतली रुई. ओल्या रंगावर तंतू बसला की तो निघताना रंगासकट निघतो. मोठं खोकं आडवं करून आत रंगवतो आणि लगेच झाकतो. गाडीचा प्रायमर चालतो, पण पातळ थर, दोनदा. वर टामियाचे ॲक्रिलिक, वाळूचा रंग आणि त्यावर हिरवे पट्टे.

धूळ कुठली द्यायची यावर मी बराच घोटाळलो. भीष्म म्हटला की डोळ्यासमोर राजस्थान, पिवळी वाळू. पण नगरजवळच्या केके रेंज या लष्करी सराव मैदानावरही रणगाडे सराव करतात, आणि तिथली माती आपल्याच दख्खनची. मग प्रश्नच मिटला. शेतातली माती वाळवून वस्त्रगाळ केली, मॅट मीडियममध्ये (चकाकी न येणाऱ्या बिनरंगी ॲक्रिलिकमध्ये) कालवून चाकांवर आणि स्कर्टच्या खालच्या अंगाला थोपटली. वाळल्यावर ती काळी राहत नाही, करडी-तपकिरी होते, तेच हवं होतं. विकतच्या पिगमेंटचे पैसे वाचले. वरच्या भागावर मात्र हात आखडता. सगळीकडे चिखल फासला की रणगाडा उकिरड्यातून काढल्यासारखा दिसतो. झाकणांच्या कडा आणि जिथे जवानांचे बूट पडतात तिथे स्पंजच्या तुकड्याने थोडं खरडवणं पुरे.

बॅटरीचं एवढंच. ७.४ व्होल्टचा लिथियम पॅक येतो. मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका, चालवून आणल्यावर थंड होईपर्यंत चार्जिंगला लावू नका, आणि व्होल्टेज घसरलं की किंचाळणारा छोटा अलार्म नवी पेठेतून आणून लावा. कंपनीचा चार्जर फार सावकाश आहे, पॅकमधले सेल सारखे भरणारा, बॅलन्स करणारा वेगळा घ्या. आवाजाच्या स्पीकरचं कर्णकर्कश प्रकरण एका मोडक्या ब्लूटूथ डब्यातला स्पीकर घालून निभावलं.

अजून खटकतं ते टरेटचं फिरणं. झटक्याने सुरू होतं, झटक्याने थांबतं, आणि मधे चाचपडतं. गिअरमधला ढिलेपणा वॉशर घालून थोडा कमी झाला, पूर्ण गेला नाही. खरा टी-९० तोफ निशाण्यावर धरून चालतो, हा मान हलवत चालतो. याला आतला इलेक्ट्रॉनिक बोर्डच बदलावा लागेल, आणि त्या किमतीत दुसरा अर्धा रणगाडा येतो. तूर्त तसाच.

काढलेले लाल डोळे, धुराचं यंत्र आणि गोळ्यांची पेटी, तिन्ही चालू स्थितीत माझ्याकडे पडून आहेत. सोलापुरातल्या कुणाला हवी असतील तर घेऊन जा, फक्त स्टीलचे जादा स्प्रॉकेट असतील तर सोबत आणा.